मूल रडते तेव्हा काय सांगते?

या पानावर आतापर्यंत आपण कावीळ, रक्तक्षय, टीबी, डेंग्यू अशा दुखण्यांबद्दल बोललो. ती दुखणी थर्मामीटरला कळतात, रक्त तपासले की सापडतात. या वेळी ज्या गोष्टीबद्दल लिहीत आहोत ती कोणत्याही रिपोर्टमध्ये येत नाही. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मुलाचे मन कसे घडते, त्याला राग, भीती, रुसवा का येतो आणि अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी काय करावे, हा या वेळचा विषय आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, आईला सात वाजता धुण्याभांड्याच्या कामावर पोहोचायचे असते, बाप नाक्यावर उभा असतो. अशा घरातल्या मुलांबद्दलच आम्ही बोलणार आहोत. मुलासाठी वेगळी खोली ठेवा, असले सल्ले इथे मिळणार नाहीत.

सकाळचे दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. नळाला पाणी आलेले असते, जेमतेम पाऊण तास. आई हंडा लावून रांगेत उभी असते आणि तीन वर्षांचे पोर दारात लोळण घेऊन किंचाळत असते. कारण काय, तर आईने बिस्किट मोडून दिले आणि त्याला अख्खे हवे होते. दुसरे बिस्किट दिले तरी ऐकत नाही, त्याला तेच बिस्किट पुन्हा जोडून हवे असते. शेजारीण म्हणते, "दोन ठेवून दे, गप बसेल." आई दोन ठेवून देते आणि पोर गप बसते.

मार खाऊन पोर गप बसते, हे खरे आहे. पण त्याचा राग शांत झालेला नसतो, तो भीतीने दाबला गेलेला असतो. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो तो "थांब, विचार कर" असे सांगण्याचे काम करतो. हा भाग सगळ्यात उशिरा पक्का होतो, जवळजवळ पंचविशीपर्यंत त्याची वाढ चालू असते. भीती आणि राग पेटवणारा भाग मात्र जन्मापासून जागा असतो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाकडे गाडी आहे, ॲक्सिलरेटर आहे, पण ब्रेक अजून बसवलेला नाही. मोडलेल्या बिस्किटासाठी लोळणारे मूल हट्टी नसते, मुद्दाम त्रासही देत नसते. त्याला स्वतःला आवरताच येत नाही. साधारण एक ते चार वर्षांत असे लोळणे जवळजवळ प्रत्येक मुलात दिसते. चाळीतल्या मुलात दिसते आणि बंगल्यातल्या मुलातही.

मग करायचे काय? अख्खे बिस्किट मिळेपर्यंत पुडे फोडत बसायचे का? तसे नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. मुलाची भावना मान्य करायची, पण मागणी मान्य करायची की नाही हे आपण ठरवायचे. खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन एवढेच म्हणायचे, "बिस्किट मोडलं म्हणून राग आला ना तुला?" मग थांबायचे. या वेळी भाषण देऊ नये, कारण पेटलेल्या मुलाच्या कानात लांब वाक्ये शिरत नाहीत. जवळ येऊ देत असेल तर पाठीवर हात ठेवावा. देत नसेल तर तीन हातांवर बसून राहावे, पण सोडून जाऊ नये. तो स्वतःला लागेल असे डोके आपटत असेल किंवा दुसऱ्याला मारत असेल, तर हात हळू पण घट्ट धरावा आणि म्हणावे, "मारायचं नाही. मी धरलंय तुला." बहुतेक वेळा काही मिनिटांत ज्वर उतरतो. पाण्याची रांग सुटेल ही अडचण खरी आहे. अशा वेळी शेजारणीला "दोन ठेवून दे" असे सांगण्याऐवजी "हंडा मी भरते, तू पोराला घे" असे म्हणता येईल. वस्तीत राहण्याचा एवढा तरी फायदा आपण घ्यायला हवा.

भावनेला नाव देण्याला फार महत्त्व आहे. मुलाला भूक, झोप, राग, लाज, भीती, हेवा हे सगळे जाणवते, पण त्यांचे शब्द त्याच्याकडे नसतात. शब्द नसले की ते हाताने, दाताने बोलते. "ताईला खाऊ जास्त मिळाला म्हणून वाईट वाटलं का?" असे आपण वर्षभर म्हणत राहिलो, की एक दिवस तेच मूल चावण्याऐवजी येऊन सांगते, "मला वाईट वाटलं." त्या दिवशी त्याने केवढा मोठा पल्ला गाठला, हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही तयारी खरे तर तान्ह्या वयापासून सुरू होते. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलते आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी कोरा ठेवते. हसणे नाही, बोलणे नाही, नुसते बघत राहायचे. काही महिन्यांचे बाळ आधी हसून दाखवते, हात पुढे करते, ओरडते. काहीच उपयोग होत नाही असे कळल्यावर ते तोंड फिरवते आणि रडू लागते. बोलता न येणाऱ्या बाळालाही समोरच्याचा चेहरा किती लागतो, हे त्यातून दिसले. त्यापुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. आई पुन्हा हसली, जवळ घेतले, की बाळ परत आईशी जुळते. कामावरून थकून आलेली कोणतीही आई दिवसभर हसत राहू शकत नाही. तुटलेला धागा पुन्हा जोडला जातो का, हे पाहायचे. रात्री भाकरी थापताना समोर ठेवलेल्या बाळाने "आ" केले, की आपणही "आ" करायचे. त्याने कावळा दाखवला, की "हो, काऊ आला" म्हणायचे. त्याला वेगळा वेळ लागत नाही. आजीचे मालिश, बडबडगाणी, पायावर घेऊन अंघोळ, काऊ-चिऊचा घास, हे सगळे याच कामाचे आहे. शहरात आलो म्हणून ते टाकून देऊ नये.

"सारखं कडेवर घेतलं की सवय लागते" असे म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला रडू देतात. इतके लहान बाळ लाडाने बिघडत नाही. रडल्यावर कोणी येते, एवढेच ते शिकते, आणि पुढे मोठ्यांवर विश्वास ठेवण्याचा पाया तोच असतो.

पण आईचाच चेहरा कोरा पडला असेल तर? बाळंतपणानंतर काही बायकांना आठवडेच्या आठवडे रडू येते, झोप लागत नाही, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, मरणाचे विचार येतात. हा आळस नव्हे, नखरा नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. हा आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. सासू-नवऱ्याने टोमणे न मारता तिला सरकारी दवाखान्यात न्यावे. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर तिला एकटी ठेवू नये आणि उद्याची वाट पाहू नये. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता भीतीबद्दल. "बुवा येईल", "झोप, नाहीतर बाबाला देऊन टाकीन", "डॉक्टर सुई टोचेल", "पोलीस पकडून नेतील" ही वाक्ये आपल्या घरांत पाण्यासारखी वापरली जातात. लस टोचायला नेलेले मूल नर्सला बघूनच किंचाळते, कारण वर्षभर आपणच तिला राक्षस करून ठेवलेले असते. पोलिसाचे तर आपल्या वस्त्यांत वेगळेच आहे. मोठ्यांच्या मनातली भीती आपण सहज मुलाच्या मनात ओततो, आणि मग यात्रेत हरवलेले मूल मदत मागायला खाकी कपड्याकडे जातच नाही. "देऊन टाकीन" हे वाक्य आम्हाला सगळ्यांत वाईट वाटते. चार वर्षांच्या मुलाला गंमत कळत नाही, त्याला ते खरे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाहण्यात एक चार वर्षांची मुलगी आली. खासगी नर्सरीत जात होती. रोज सकाळी तिचे पोट दुखायचे, रविवारी दुखायचे नाही. जंताचे औषध दोनदा देऊन झाले, डॉक्टरांना काही सापडले नाही. घरचे म्हणाले, नाटक करते. मग एका दुपारी ती आजीसमोर शाळा-शाळा खेळत होती. बाई ती स्वतः आणि मुले म्हणजे वाट्या. सगळ्या वाट्या तिने एका ओळीत मांडल्या आणि एक वाटी दाराजवळ नेऊन ठेवली. म्हणाली, "तू इकडे बस. तुझी बाटली तुझ्याजवळ ठेव. कुणाची घ्यायची नाही." आजीला पुढचे विचारावे लागले नाही.

बाबासाहेबांनी आपल्या शाळेतल्या गोणपाटाबद्दल स्वतः लिहून ठेवले आहे. वर्गात वेगळे बसायचे, बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तो संध्याकाळी घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. हे आपण जयंतीच्या भाषणांत ऐकतो आणि जुनी गोष्ट समजून टाळ्या वाजवतो. पण तीन-चार वर्षांच्या मुलांना रंग, कपडे, बोलण्याची ढब यांतले फरक दिसत असतात. कोणाला जवळ बसवतात आणि कोणाला लांब, हेही त्यांना दिसते. त्याचे कारण मात्र त्यांना माहीत नसते. कारण माहीत नसले की मूल स्वतःच कारण शोधते, आणि बहुतेक वेळा ते असे असते: "मीच वाईट आहे."

म्हणून अपमान होऊन घरी आलेल्या मुलाला "जाऊ दे, लक्ष देऊ नको" म्हणू नये. लगेच भडकून शाळेवर धावूनही जाऊ नये, कारण मग मुलाला वाटते की सांगितले म्हणून भांडण झाले, आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही. आधी शांतपणे ऐकावे. मग स्पष्ट शब्दांत सांगावे, "तू चुकली नाहीस. बाई चुकल्या. मी उद्या त्यांच्याशी बोलणार आहे." आणि दुसऱ्या दिवशी खरेच जावे. त्या मुलीचे वडील महिला मंडळाच्या दोन भगिनींना सोबत घेऊन गेले. "जागा नव्हती हो" असे उत्तर मिळाले, पण जागा झाली. मुलीची पोटदुखी मात्र लगेच गेली नाही, महिनाभर तरी सकाळी तिचा हात पोटावर असायचा. "काळी", "शेंबडी", "मठ्ठ" ही नावे मुलांना घरातही पडतात. बाहेरच्यांना जाब विचारताना आपल्या तोंडातले शब्दही तपासायला हवेत.

त्या वाट्यांच्या खेळातून आणखी एक गोष्ट कळते. लहान मूल मनातले बोलून कमी सांगते, खेळून जास्त सांगते. म्हणून रोज पंधरा मिनिटे तरी मूल काय खेळते ते नुसते बघावे, शिकवू नये. खेळण्यांसाठी पैसे लागत नाहीत. डबे, चमचे, जुनी ओढणी, खोके, विटेचा तुकडा, माती पुरते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नाणी, शेंगदाणे, चणे, बटणाएवढे सेल देऊ नयेत, ते घशात अडकतात. दोन वर्षांची मुले एकमेकांशेजारी खेळतात, पण एकमेकांबरोबर फारशी खेळत नाहीत. आपली वस्तू दुसऱ्याला देणे त्यांना जमत नाही आणि ते वयाप्रमाणेच असते. चार वर्षांच्या पुढे पाळी धरणे जमू लागते. विषामृत आणि स्टॅच्यू हे आपले गल्लीतले खेळ यासाठी उत्तम आहेत. पळता पळता एकदम थांबायचे, हलायचे नाही, हा मघाशी सांगितलेल्या ब्रेकचाच व्यायाम आहे.

इथे अंगणवाडीबद्दल थोडे बोलायला हवे. आपली बरीच कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन मुलाला तिसऱ्या वर्षी इंग्रजी नर्सरीत घालतात. शिक्षणाची ही ओढ आपल्याला कुठून मिळाली ते सांगायला नको, तिचा अभिमानच आहे. पण तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरायचे बळ नसते. त्याला रेषा गिरवायला लावून, जमले नाही म्हणून छडी दाखवणाऱ्या नर्सरीपेक्षा गाणी-गोष्टी घेणारी चांगली अंगणवाडी बरी. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही या वयात खेळातून शिकावे असेच म्हणते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, म्हणून बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेण्याची कल्पना त्यांच्या कामातून रुजली. सरकारी अंगणवाड्या १९७५ नंतर आल्या. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत फक्त खाऊच वाटला जात असेल, तर ताईंना त्रास देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एका आजीने तिथे जाऊन गोष्ट सांगावी. त्यात बरेच काही बदलते.

मोबाइलबद्दल आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ओरडून कोणी ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त देऊ नये. निदान जेवताना आणि झोपताना मोबाइल दूर ठेवावा. रडणे थांबवायला दर वेळी मोबाइल दिला, तर स्वतःला शांत करायला मूल शिकणार कधी?

वडिलांशी दोन शब्द. घरात रोज भांडण, दारू, मारहाण असेल तर अंथरुणात डोळे मिटून पडलेले मूल झोपलेले नसते. शरीर धोक्याच्या वेळी जी रसायने सोडते ती त्याच्या अंगात रोज सुटत राहतात. अशी मुले दचकतात, अंथरूण ओले करतात, एकदम गप्प होतात किंवा इतरांना बडवत सुटतात. भांडण झालेच, तर सकाळी कोणीतरी त्याला सांगावे की ते तुझ्यामुळे झाले नव्हते. घरात एक तरी मोठे माणूस कायम भरवशाचे असले, मग ते आई असो, आजी असो, मामा असो, तर मूल बरेच सावरते, असे या विषयातले अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. मार खाणाऱ्या बाईसाठी १८१ आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ हे क्रमांक आहेत. व्यसनमुक्तीवर या पानावर वेगळे लिहू. आणि दारू न पिणाऱ्या, मारहाण न करणाऱ्या बापांनाही सांगायचे आहे. दिवसाला दहा मिनिटे पोराला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणा. हे फक्त आईचे काम नाही.

"आम्हीही मार खाल्ला, आम्ही बिघडलो का?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. आम्हीही मार खाल्लेला आहे आणि खरे सांगायचे तर आमच्यातल्या काहींनी आपल्या मुलांना मारलेलेही आहे. आपण मारामुळे घडलो नाही, मार खाऊनही घडलो, कारण कोणीतरी मायेने जवळ घेणारे होते. मारल्याने मूल एवढेच शिकते की मोठ्याने लहानाला मारायचे असते. संध्याकाळी ते धाकट्या भावाला बडवते तेव्हा त्याने हा धडा आपल्याकडूनच घेतलेला असतो. शिस्त लावायची तर पाणी सांडले की फडके हातात द्यावे, भिंतीवर रेघोट्या मारल्या की खडू दिवसभर वर ठेवावा. आणि चुकून हात उचलला गेलाच, तर राग गेल्यावर जवळ घेऊन म्हणावे, "मी मारायला नको होतं." त्याने आईबापाचा मान कमी होत नाही.

शेवटी, रुसवे-फुगवे वेगळे आणि तपासणीची गरज वेगळी. तीन महिन्यांपर्यंत बाळ माणसाकडे बघून हसत नसेल, वर्षभरात नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू दाखवत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. येणारे शब्द, हसणे, खेळणे कोणत्याही वयात मागे पडू लागले, तर ताबडतोब दाखवावे. "मामा पण उशिरा बोलला होता" म्हणून वर्ष घालवू नये. न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत, कित्येकदा दोष ऐकण्यात असतो. स्वमग्नता निघाली तरी ती आईच्या दुर्लक्षाने झालेली नसते, आणि भगताच्या दोऱ्याने जातही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. तपासणी मोफत असते आणि गरज पडल्यास ते जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारून ठेवावे, त्या दिवशी मुलाला गावाला नेऊ नये.

आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात तेव्हा फक्त वजन विचारून त्यांना परत पाठवू नका, बाळ कसे हसते, कोणाला ओळखते तेही सांगा. आणि बाळंतपणात मिळालेले माता बाल संरक्षण कार्ड ट्रंकेतल्या पिशवीतून बाहेर काढा. लशींच्या तारखांखेरीज त्यात कोणत्या महिन्यात बाळाला काय काय आले पाहिजे त्याची चित्रे आहेत. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांनाही ती चित्रे समजतात.